चौदा तारखेच्या आत

काकूंच्या दाराला कुलूप होतं. मी ते दोनदा ओढून पाहिलं, ओढल्यावर काकू आतून "आले गं" म्हणतील अशा वेड्या आशेनं. मागे रस्त्यावर टॅक्सीचं इंजिन चालू होतं आणि टपावर माझ्या दोन बॅगा दोरीनं बांधून तयार होत्या.

"अण्णा, काकू कुठायत?"

माझे वडील फाटकाशीच थांबले होते. "बाहेर गेल्या असतील," ते म्हणाले.

"बाहेर? आज? माझा पासपोर्ट आत आहे!"

तेरा नोव्हेंबर, एकोणीसशे शहाण्णव. सकाळचे साडेदहा. मुंबईच्या सहार विमानतळावरून संध्याकाळी सातला माझं विमान सुटणार होतं. ते रात्रीतून हाँगकाँगला जाणार, तिथे मी बारा तास बाकावर बसणार आणि मग दुसरं विमान मला चौदा तारखेला दुपारच्या सुमारास कॅनडात, व्हँकुव्हरला उतरवणार. चौदा हीच माझ्या इमिग्रेशनच्या कागदांची शेवटची तारीख होती. त्या तारखेच्या आत तिथल्या जमिनीवर पाय टेकला नाही, तर कागद रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा वैद्यकीय तपासण्या, पुन्हा तीन वर्षं वाट बघणं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठ वर्षं लोकांचं रक्त तपासत होते आणि येणारी स्थळं नाकारून नाकारून नातेवाइकांच्या बोलण्याचा विषय झाले होते. हा अर्ज मी स्वतःच्या हिमतीवर केला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं असं होऊ घातलं होतं.

एवढ्या कडेला तारीख नेली कशाला, असं कुणीही विचारील. दिवाळी अण्णांबरोबर करायची म्हणून. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो.

आता पासपोर्ट शेजारणीच्या घरात कसा, ते सांगते. कुसुमकाकू टकले आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. आईच्या माघारी त्यांनीच माझं सगळं पाहिलं. त्यांनी पंचांग काढलं आणि बुधवारचा दिवस परदेशगमनाला वाईट आहे असं जाहीर केलं. तिकीट तर बुधवारचंच. मग उपाय निघाला प्रस्थान ठेवण्याचा. म्हणजे मंगळवारी चांगल्या वेळेला प्रवासातली एखादी वस्तू, सोबत सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, असं पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. झालं, तुम्ही मंगळवारीच निघालात. ते प्रस्थान मात्र परत स्वतःच्या घरात आणायचं नाही. निघताना परस्पर उचलायचं आणि चालू पडायचं.

मला हसू आलं होतं. अण्णा भूगोलाचे शिक्षक, बत्तीस वर्षं मुलांना ग्रहणं समजावून सांगितलेला माणूस. ते काकूंना उडवून लावणार अशी माझी खात्री होती. पण ते म्हणाले, "ठेवू या की. बिघडतं काय?"

"नुसती साडी ठेवून चालायचं नाही हं," काकू म्हणाल्या. "जिच्यावाचून प्रवासच होणार नाही अशी वस्तू हवी."

"मग पासपोर्टच ठेवू," अण्णा म्हणाले, आणि कागदांच्या फाइलसकट पासपोर्ट पिशवीत घालून ते स्वतःच्या हातानं देऊन आले. मला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. होऊ दे, म्हटलं.

आणि आता कुलूप.

"कुलूप फोडू या," मी म्हणाले.

"दुसऱ्याच्या घराचं? वैजू, मी या गल्लीत तोंड दाखवायचं कुणाला? सिन्नरला गेल्या असतील त्या, भावाकडे. काल काहीतरी बोलल्या होत्या. पाऊण तासाचा रस्ता आहे. किल्ली घेऊन येऊ, वेळ आहे अजून."

वेळ होता खरा. आम्ही मुद्दाम हाताशी दोन-अडीच तास धरून निघणार होतो, कारण कसारा घाटात आदल्या दिवसापासून एक कंटेनर आडवा पडला होता. मी टॅक्सीत बसले. नागरे म्हणून ड्रायव्हर होता, ओळखीतला. त्यानं गाडी अशी हाणली की अण्णा पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसले. रस्ताभर मी घड्याळाकडे बघत होते आणि ते खिडकीबाहेर.

सिन्नरला पोचल्यावर अण्णांना घर आठवेना. वावी वेशीजवळ म्हणाले, मग नाही म्हणाले, शाळेमागे असेल. एरवी माणूस असा की वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचं घर अंधारात दाखवील. मी चिडून खाली उतरले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. शेवटी एका किराणा दुकानदारानं घर दाखवलं. बारा वाजून गेले होते. दार उघडलं ते काकूंच्या भाचेसुनेनं.

"आत्या? अहो, त्या मामंजींना घेऊन नाशिकलाच गेल्या ना, हाडांच्या डॉक्टरकडे. पहाटे न्हाणीत पडले ते. फोन केल्याबरोबर आत्या पहिल्या एस्टीनं आल्या बिचाऱ्या, आणि तासाभरात त्यांना घेऊन परत गेल्या."

"किल्ली ठेवलीय का काही?"

"किल्ली? नाही बाई."

मी वळून अण्णांकडे पाहिलं. ते टॅक्सीतून उतरलेच नव्हते.

परत येईतो एक वाजायला आला होता. मी कुणाचं काही ऐकलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि काकूंच्या कडीवर घातला. तिसऱ्या घावाला कोयंडा उखडला. देवघरापुढच्या पाटावर पिशवी होती, तिच्यावर काकूंनी वाहिलेलं झेंडूचं फूल. पासपोर्ट छातीशी धरून मी बाहेर धावले.

नागरे बॉनेटला टेकून उभा होता. तो जागचा हलला नाही.

"ताई, रागावू नका, पण आता काही खरं नाही. नाक्यावर विचारून आलोय मी. घाटात एकेरी सोडतायत. आठच्या आत सहार दिसत नाही."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून मी मुंबईच्या एजंटला, दोशींना, फोन लावला. ते म्हणाले, काउंटर सहाला बंद होतं. त्या मार्गाचं पुढचं विमान शनिवारी. मी विचारलं, उद्याचं काही? ते म्हणाले, "मॅडम, चोवीस-पंचवीस तासांचा प्रवास आहे. उद्या निघून उद्याच कसे पोचणार?" त्यांचं बरोबर होतं. चौदाला निघालं की पंधरा उजाडणार, हे शेंबडं पोर सांगेल. मी फोन ठेवला.

नागरेनं बॅगा उतरवून ओट्यावर ठेवल्या. मी पायरीवर बसले. मला रडू येत नव्हतं, भूक नव्हती, काहीच नव्हतं. लॅबमध्ये सोमवारी पुन्हा जायचं, नोकरी परत द्या म्हणून सांगायचं, आणि लोक विचारतील तेव्हा हसून दाखवायचं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. अण्णांनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला. म्हणाले, "काही खाऊन घेतेस का?" मी मान हलवली. ते समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. असे किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

तीनच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि काकू उतरल्या. त्यांनी आधी आपलं दार पाहिलं, मग मला.

"अगं बाई! वैजू, तू अजून इथेच? आणि हे दार कुणी फोडलं?"

"मी. तुम्ही न सांगता गेलात, काकू. माझं विमान गेलं."

"न सांगता कशी जाईन?" काकू गोंधळून अण्णांकडे वळल्या. "सर, पहाटे किल्ली तुमच्याच हातात दिली ना मी? म्हटलं, वैजूला प्रस्थान तेवढं उचलून द्या."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून खुर्चीच्या हातावर ठेवली.

मी उठून उभी राहिले.

"म्हणजे सकाळपासून ही तुमच्या खिशात होती?"

"हो."

"मला सिन्नरला नेलंत. गल्लोगल्ली फिरवलंत. मी लोकांच्या पाया पडायची बाकी राहिले होते, आणि तुम्ही गाडीत बसून बघत होतात?"

"हो."

"नुसतं हो काय, अण्णा!" मी एवढ्यानं ओरडले की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "जाऊ नको म्हणायचं होतं! तोंड होतं ना तुम्हाला? मी अर्ज भरला तेव्हा म्हणायचं होतं. व्हिसा आला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत!"

"पेढे वाटले तेव्हा आनंदच झाला होता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "किल्ली घेतली तेव्हासुद्धा मी काही ठरवलं नव्हतं. तू आंघोळीला गेली होतीस. म्हटलं, आली की देतो. मग तू चहा पीत होतीस. मग टॅक्सी आली. मग तू कुलूप ओढायला लागलीस आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. वाटलं, एक विमान चुकलं तर पोर राहील. एवढंच वाटलं. मी काही केलं नाही गं, नुसता गप्प बसलो."

"वा! फार सोपं आहे!"

काकूंनी तोंडाला पदर लावला होता. मी अण्णांकडे पाठ केली. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की हे आपले वडील नसते तर बरं झालं असतं, असंसुद्धा वाटून गेलं. आजही ते आठवलं की लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

"वैजू," ते मागून म्हणाले. "पश्चिमेकडून जाता येईल."

मी वळले नाही.

"तू पूर्वेकडून निघाली होतीस. पूर्वेकडून आता काही उपयोग नाही. पण व्हँकुव्हर इथून जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. हाँगकाँगवरून जा नाहीतर लंडनवरून जा, साडेचौदा हजार किलोमीटरच्या आसपासच पडतं. उद्या सकाळी साडेसहाला लंडनचं विमान आहे. ते घे. चौदालाच उतरशील."

"पुरे, अण्णा."

"खरं सांगतोय."

"सकाळीसुद्धा खरंच सांगत होतात. शाळेमागे घर आहे म्हणून."

ते आत गेले आणि एक कोरा कागद, पेन्सिल आणि विमानांच्या वेळापत्रकाची पुस्तिका घेऊन आले. माझा व्हिसा आल्यापासून ती त्यांच्या उशाशी असायची. पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून ते अंतरं मोजत बसायचे आणि मला सांगायला यायचे, आणि मी "हो, हो" म्हणून कपडे भरत बसायचे. कागद त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," ते म्हणाले. "तूच मांड. मी बोलत नाही."

मी पेन्सिल उचलली. गणित मला येत होतं, त्यांनीच शिकवलं होतं. सकाळी साडेसहा, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळात रात्रीचा एक. लंडनपर्यंत सव्वादहा तास. लंडनला सव्वाअकरा. पुढचं विमान अडीचला. तिथून पावणेदहा तास. मी बेरीज केली आणि पेन्सिल खाली आपटली.

"सव्वाबारा! मध्यरात्र उलटून गेली. पंधराच येतेय, बघा!"

"ग्रिनिचची पंधरा," अण्णा म्हणाले. "व्हँकुव्हर ग्रिनिचच्या किती मागे?"

"आठ तास."

"मग वजा कर."

मी वजा केले. सव्वाचार. दुपारचे सव्वाचार, तारीख चौदा. मी पुन्हा मांडलं. तेच आलं. इथं नाशिकला पंधरा तारखेचे पहाटेचे पावणेसहा झालेले असतील, आणि तरी मी चौदालाच उतरत होते. विमान दिवसाबरोबर धावणार होतं, त्यामुळे तारीख उलटणारच नव्हती. दोशी चुकला होता. मीही चुकले होते. अण्णा सोडून सगळेच चुकले होते, आणि अण्णा दुपारपासून समोर बसून मला पाणी देत होते.

"हे तुम्हाला एक वाजताच माहीत होतं?"

"हो," ते म्हणाले. "कुसुमवहिनी आल्या नसत्या तरी सांगितलं असतं, असं म्हणायची इच्छा आहे. पण मला ठाऊक नाही."

काकू पहिल्यांदा बोलल्या. "आता बसू नका रे बाबांनो. फोन माझ्याकडनं करा. दार उघडंच आहे."

दोशींना मी वेळा वाचून दाखवल्या. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी उत्तर दिलं नाही. तासाभरानं त्यांचा फोन आला. लंडनमार्गे एक जागा मिळाली होती. तिकीट विमानतळावर घ्यायचं होतं. नागरेला पुन्हा बोलावलं, बॅगा पुन्हा टपावर चढल्या.

अण्णा फाटकापर्यंत आले. मी काकूंच्या पाया पडले. अण्णांसमोर उभी राहिले, पण वाकले नाही. ते थोडं पुढे झाले होते, हात माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत आलेला होता. तो त्यांनी तसाच मागे घेतला. मी टॅक्सीत बसले आणि काच वर केली.

लंडनला धुकं होतं. अडीचचं विमान सव्वातीन म्हणाले, मग पाच, मग फलकावरून वेळच काढून टाकली. मी पाटीखाली उभी राहून बोटांवर तास मोजत होते. वेळेवर उतरले असते तर व्हँकुव्हरच्या मध्यरात्रीपर्यंत माझ्या हाताशी पावणेआठ तास उरणार होते. मग सहा राहिले. मग चार. शेजारच्या बाकावरच्या बाईला वाटलं असेल, ही जप करतेय. साडेचार तास उशिरानं विमान हललं, आणि त्या अख्ख्या प्रवासात खिडकीबाहेर तीच एक रात्र सरता सरेना. मी एक मिनिटही डोळा मिटला नाही.

उतरले तेव्हा रात्रीचे पावणेनऊ होते. इमिग्रेशनची रांग विमानभर लांब. माझी पाळी आली तेव्हा दहा वाजून गेले होते. अधिकारी वयस्कर होता, जाड भिंगाचा चष्मा लावलेला. त्यानं कागदावरची तारीख वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"आज शेवटचा दिवस आहे तुमचा," तो इंग्रजीत म्हणाला.

"हो."

"अजून पावणेदोन तास आहेत." तो हसला आणि शिक्का मारला. चौदा.

फोन करायचा नाही असं मी टॅक्सीतच ठरवलं होतं. महिनाभर तरी नाही. कळू दे त्यांना. पण मला न्यायला आलेल्या मैत्रिणीनं हातात फोनचं कार्ड ठेवलं आणि म्हणाली, "घरी कळव, काळजीत असतील." आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून मी काकूंचा नंबर फिरवला. त्यांना निरोप देऊन ठेवून देणार होते. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"किती वाजले तिथे?" अण्णा होते.

"पावणेअकरा. रात्रीचे."

"तारीख?"

"चौदा. शिक्का बसला."

पलीकडून काकूंचा आवाज आला, लांबून, "सर, आता तरी उठा हो. पहाटे पाचपासून बसलाय फोनपाशी." आणि मग मला अण्णांचा श्वास ऐकू आला, अडखळत घेतलेला. माझे वडील रडत होते. आईच्या वेळी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"सव्वाचारला उतरणार होतीस तू," ते म्हणाले. "इथे सकाळचे सहा वाजले, सात वाजले, दहा वाजले, तुझा फोन नाही. मला वाटलं, माझंच चुकलं. तू गेल्यापासून सात वेळा मांडून पाहिलं."

"मी दोनदा मांडलं होतं ना अण्णा, तुमच्यासमोर. तेच आलं होतं. सात वेळा कशाला?"

"माझ्यावर माझाच भरवसा उरला नव्हता गं. चुकलं असतं तर तू परत आली असतीस." ते थांबले. "आणि मला आनंद झाला असता."

मी भिंतीला टेकले. माझ्या मागे लोक बॅगा ओढत जात होते. जे दोन दिवस सुचत होतं ते आता तोंडातून निघेना.

"जेवलात का?" मी विचारलं.

"नाही."

"तिथं दुपारचे सव्वाबारा झालेत, अण्णा. जेवून घ्या आधी."

"जेवतो," ते म्हणाले. पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही नाही.